गोंगाटातले शब्द

यावलला बहिणीकडे गेलो, तर माडीवरच्या भिंतींना गाद्या नि गोधड्या टांगलेल्या!

"ढेकूण झाले की काय रे?"

"नाही मामा, हा आमचा स्टुडिओ!" भाचा म्हणाला.

तिथेच त्याने मित्रांसह 'मेटल' गाण्याचा डेमो, म्हणजे नमुना, ध्वनिमुद्रित केला होता. कारखान्यात बोटांची टोके गमावलेल्या टोनी आयोमीच्या गिटारीतून, १९७० च्या 'ब्लॅक सबाथ' तबकडीपासून हे संगीत फोफावले, असेही त्याने सांगितले.

गाणे ऐकले. कानठळ्या बसल्या, पण शब्द एक कळेना. गायकाचा आवाज चढवला, तर गिटार दबली; ती चढवली, तर ड्रम बुडाले. थेट एकत्र कुटुंबातले भांडण!

शेवटी भाच्याने उलटे केले. गिटारींचा १०० हर्ट्झखालचा घुमारा छाटून ती जागा ड्रम आणि बास गिटारीला दिली. दोन गिटारी डाव्या-उजव्या बाजूंना सारल्या. मधोमध गायकाला वाट मोकळी झाली. हेच मिक्सिंग. मास्टरिंग त्यानंतरचे: तयार गाण्याची एकंदर पातळी नि तोल जमवणे. मिक्सिंगच फसले असेल, तर मास्टरिंगने ते फारसे सावरत नाही.

पुन्हा ऐकले. आता शब्द उमटले. वादळाने एका रात्रीत आडव्या झालेल्या केळीबागेचे ते गाणे होते, बाग मेहुण्यांचीच.

"बंद कर तो गोंगाट," असे रोज ओरडणारे मेहुणे दाराशी उभे होते. हळूच म्हणाले, "पुन्हा लाव रे."