मोती गाड्यात बसायला शिकतो

सायकलवरून ओझे कसे न्यावे हे मनमाडच्या माणसाला शिकवावे लागत नाही. पाणीटंचाईच्या दिवसांत सायकलला पाण्याचे कॅन अडकवून आणणारी माणसे आमच्या गावाने वर्षानुवर्षे पाहिली आहेत. त्यांपैकी कोणालाही विचारा. तो सांगेल की काठोकाठ भरलेला कॅन नेणे सोपे, अर्धा भरलेला नेणे अवघड. भरलेल्या कॅनमधल्या पाण्याला हलायला जागा नसते. अर्ध्या कॅनमधले पाणी मात्र वळणावर आणि ब्रेक लावताना इकडून तिकडे धावते व सायकलला हिसके देते.

आमचा मोती हे असेच एक हलते ओझे. वय अकरा वर्षे, वजन वीस किलो. मागच्या पायांचे सांधे दुखू लागल्याने त्याला दर आठवड्याला तीन किलोमीटरवरच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यावे लागे. तेवढे चालणे त्याला जमेना. म्हणून मी वेल्डिंगवाल्याकडून सायकलच्या मागे जोडायचा दोनचाकी गाडा करून घेतला.

पहिल्या दिवशी मोतीला उचलून आत ठेवले, गळ्याची साखळी गजाला बांधली आणि पायडल मारले. शंभर पावलांत त्याने बाहेर उडी घेतली. शेजारी ओरडले म्हणून मी वेळीच थांबलो, नाहीतर गळफास बसला असता. दुसऱ्या दिवशी साखळी आखूड केली. मोती निमूट पडून राहिला. "शिकला!" असे मी घरी येऊन आनंदाने सांगितले. माझी मुलगी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, शिकला नाही. थरथरतोय तो."

मी पदार्थविज्ञान शिकवतो, पण या प्रश्नाचा अर्धाच भाग पदार्थविज्ञानाचा होता. आधी तो पाहू.

वेग नव्हे, वेगातला बदल

कुत्र्याच्या अंतर्कर्णात, आपल्यासारख्याच, तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतील द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळते. शेजारी सूक्ष्म खडे असलेली इंद्रिये असतात. त्यांना सरळ रेषेतला प्रवेग कळतो. एकसमान वेग मात्र यांपैकी कोणालाच कळत नाही. गाडी मनमाड स्टेशन सोडताना हातातला चहा हिंदकळतो. पुढे ती भरधाव पण एकसारखी धावत असताना तो कपात स्थिर राहतो. कुत्र्यालाही त्रास होतो तो वेगाचा नव्हे, हिसक्यांचा.

आता थोडे गणित करू. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. या वेगाने ५ मीटर त्रिज्येचे वळण घेतले तर अभिकेंद्री प्रवेग ४.२ × ४.२ ÷ ५, म्हणजे सुमारे ३.५ मी./से.² होतो. हा गुरुत्वप्रवेगाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहे. सायकलस्वार वळणावर आत झुकतो, म्हणून त्याला तो जाणवत नाही. गाडा झुकत नाही, त्यामुळे कुत्रा बाहेरच्या बाजूला फेकल्यासारखा होतो. वेग निम्मा केला तर प्रवेग निम्मा नव्हे, पाव होतो. म्हणून वळणापूर्वी वेग कमी करावा, वळणात नव्हे.

कुत्रा उभा की बसलेला, यानेही मोठा फरक पडतो. समजा, गाडा १५ किलोचा असून त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ३५ सें.मी. उंचीवर आहे. दोन चाकांत ७० सें.मी. अंतर आहे. २० किलोच्या उभ्या कुत्र्याचा गुरुत्वमध्य ६५ सें.मी. आणि आडव्या पडलेल्याचा ३७ सें.मी. उंचीवर धरू. मग दोघांचा एकत्रित गुरुत्वमध्य पहिल्या वेळी ५२ आणि दुसऱ्या वेळी ३६ सें.मी. उंचीवर येतो. सपाट रस्त्यावर गाडा उलटण्यास लागणारा प्रवेग म्हणजे चाकांतील निम्मे अंतर भागिले ही उंची, गुणिले ९.८. तो अनुक्रमे ६.६ आणि ९.५ येतो. वळणावर एक चाक दगडावर चढले तर हाच फरक कामी येतो. कुत्र्याचे शांत पडून राहणे ही नुसती शिस्त नव्हे, ती त्याची सुरक्षितता आहे.

गाडा मागच्या चाकाच्या आसापाशी, म्हणजे खाली जोडावा. सीटखालच्या दांड्याला जोडल्यास ब्रेक लावताना त्याचा धक्का उंचावर बसतो. सांधा सर्व बाजूंनी फिरणारा हवा, म्हणजे सायकल कलंडली तरी गाडा कलंडत नाही. तळाशी जाड गोणपाट घालावे, कारण गुळगुळीत पत्र्यावर पंजे घसरतात. पट्टा गळ्याला न बांधता छातीला बांधावा. तो तळाशी असा अडकवावा की कुत्र्याला कूस बदलता येईल, पण उडी मारता येणार नाही. आणि हे ध्यानात घ्या: स्वार व सायकल मिळून ८० किलो असतील, तर गाडा व कुत्रा धरून ११५ होतात. ब्रेकचे बल तेच राहिले तर थांबण्यास लागणारे अंतर जवळजवळ दीडपट होते.

आधी गाडा, मग भाकरी

आता दुसरा अर्धा भाग. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांना पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नाआधी दरवेळी ठरावीक खूण दिली की पुढे नुसत्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवले. यालाच अभिसंधान म्हणतात. भीतीही अशीच जोडली जाते. माझ्या घाईमुळे मोतीच्या मनात 'गाडा' आणि 'गळ्याला हिसका' यांची गाठ बसली होती.

ती सोडवता येते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलावरील प्रयोग प्रसिद्ध केला. मुलगा आवडीचे खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणला जाई. शेवटी मुलगा सशाला गोंजारू लागला. यातले तत्त्व असे: भीतीची वस्तू इतकी दूर किंवा सौम्य ठेवावी की भीती जागीच होणार नाही, आणि तिच्यासोबत सुख द्यावे.

इथे क्रम चुकवू नका. आधी गाडा दिसावा, मग खाऊ. खाऊ दाखवून गाड्याकडे ओढले तर उलटेच शिक्षण होते आणि खाऊ हीच संकटाची खूण बनते. खाऊ म्हणून भाकरीचा तुकडा किंवा उकडलेले अंडे चालेल. आपल्या नाशिक जिल्ह्याची ख्याती असलेले कांदा आणि द्राक्षे मात्र नकोत. दोन्ही कुत्र्याला विषारी असतात. मनुकाही नकोत.

शांत की हताश?

दुसऱ्या दिवशी मोती निमूट का होता? १९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांना असे आढळले की, ज्या कुत्र्यांना विजेचा धक्का टाळता येत नव्हता, त्यांच्यापैकी बरेच पुढे सुटका शक्य असतानाही प्रयत्न न करता पडून राहिले. प्रयोग क्रूर होता, पण त्याने मोठी गोष्ट दाखवली. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, याच दोघांनी आपला निष्कर्ष सुधारला. हतबल होणे शिकावे लागत नाही, ती मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावी लागते ती 'माझ्या हातात काही आहे' ही जाणीव.

म्हणून निपचित कुत्रा शांत असतोच असे नाही. शेपूट पोटाखाली, कान मागे, सारखे ओठ चाटणे, झोप नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे आणि खाऊ नाकारणे ही भीतीची लक्षणे आहेत. खरा शांत कुत्रा सैल अंगाने बसतो, आजूबाजूला पाहतो आणि खाऊ घेतो.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली:

१. गाडा सायकलपासून सोडून, चाकांना विटा लावून अंगणात ठेवला. त्याच्याजवळ गेले की खाऊ.
२. फळीच्या उतारावरून मोती स्वतः आत गेला की खाऊ. बाहेर यायची वाट नेहमी उघडी.
३. आत बसला की खाऊ, आडवा झाला की जास्त खाऊ.
४. छातीचा पट्टा अडकवला. गाडा हाताने एक पाऊल, मग दहा पावले ढकलला.
५. गाडा सायकलला जोडून सायकल हातात धरून चाललो.
६. शेवटी सायकलवर बसलो. पहिला फेरा घरापासून कोपऱ्यापर्यंतच.

एका पायरीवर सैल अंगाने बसला की मगच पुढची. भीती दिसली की एक पायरी मागे. मध्ये काही दिवस खंड पडल्यावर जुनी भीती पुन्हा डोके वर काढते. पाव्हलॉव्ह यांनाही प्रयोगांत जुने प्रतिसाद असे परतलेले दिसले होते. मोतीला पाच आठवडे लागले. तुमच्या कुत्र्याला एक लागेल किंवा दहा.

लायकाचा धडा

प्रशिक्षणाने सगळे साधत नाही. मॉस्कोच्या रस्त्यावरची लायका हिला क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या पिंजऱ्यांत राहण्याची सवय लावून ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ मधून अवकाशात पाठवले. परतीची सोय नव्हतीच. ती काही तासांतच अतिउष्णतेने मेली, हे २००२ साली जाहीर झाले. ती उत्तम शिकली होती, पण यानातली उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था अपुरी पडली.

आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. कुत्र्याला घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांत असतात. त्याचे शरीर थंड होते ते धापा टाकून, पाण्याच्या बाष्पीभवनाने. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता नेते. हवा खेळती नसेल तर ही युक्ती निकामी होते. म्हणून गाड्याच्या बाजू जाळीच्या, वर कापडी सावली, सोबत पाणी आणि वेळ सकाळची.

करून पाहा

गाड्यात कुत्र्याऐवजी अर्धी भरलेली पाण्याची बादली ठेवा. वेगवेगळ्या वेगांनी एकच वळण घ्या आणि किती पाणी सांडले ते मोजा. थेंबही न सांडता तीन फेऱ्या मारता येईपर्यंत कुत्र्याला आत बसवू नका. कुत्रा स्वतःचा व लस टोचलेला असावा, रस्ता रहदारीचा नसावा आणि सोबत मोठे माणूस असावे.

मोती आता गुरुवारी सकाळी गाड्याजवळ येऊन स्वतःच वाट पाहतो. माझी मुलगी आधी त्याच्या पाठीवर हात ठेवून पाहते. तिने मान हलवली की मगच आम्ही निघतो.