गोव्याच्या खाणी कोर्टाने बंद केल्या?

गोव्यातल्या खाणींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “चांगल्या चाललेल्या खाणी पर्यावरणवाल्यांनी कोर्टात जाऊन बंद पाडल्या.” डिचोलीतला ट्रकवाला हे म्हणतो तेव्हा समजू शकतं. कर्ज काढून घेतलेला टिपर दारात गंजत पडला, तर राग कुणावर तरी निघणारच. पण ज्यांना सरकारी फाइली वाचता येतात, असे लोकही तेच म्हणतात तेव्हा मात्र डोकं फिरतं.

तर पुन्हा एकदा, सावकाश. पोर्तुगीज अमदानीत दिलेली खाणींची कन्सेशन्स १९८७च्या कायद्याने रद्द झाली आणि त्यांचे भाडेपट्टे झाले. या पट्ट्यांचं एकदा नूतनीकरण झालं असं धरलं, तरी त्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. हे माझं मत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या २१ एप्रिल २०१४च्या निकालात ते स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे त्यानंतर २०१२पर्यंत झालेलं सगळं खाणकाम बेकायदा होतं. आणि नेमकी तीच तेजीची वर्षं! चीनला हलक्या प्रतीचं लोहखनिजही हवं होतं. २०१०-११मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त माल बाहेर गेला.

पहिली बंदी कोणाची? बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला आणि १० सप्टेंबर २०१२ रोजी खाणी थांबवण्याचा आदेश निघाला तो राज्य सरकारचा. कोर्टाची स्थगिती ऑक्टोबरमधली. २०१४च्या निकालाने तर खाणींना वाट मोकळीच करून दिली होती: उत्खनन वर्षाला दोन कोटी टनांच्या आत ठेवा, अभयारण्यांपासून एक किलोमीटरपर्यंत खणू नका, विक्रीच्या १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाका. यात बंदी कुठे दिसते?

दुसऱ्या बंदीची कथा याहून चीड आणणारी आहे. राज्याने ८८ पट्टे जुन्याच पट्टेदारांना बहाल केले, तेही लिलावाविना. केंद्राने लिलाव सक्तीचा करणारा अध्यादेश काढला १२ जानेवारी २०१५ रोजी, आणि त्या दिवसापर्यंत पणजीत नूतनीकरणाचा सपाटा चालू होता. एवढी घाई कशाची, हे सांगायला हवं का? ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ही नूतनीकरणं रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. लिलाव २०१५मध्येच केला असता तर ट्रकवाल्याची ती वर्षं फुकट गेली नसती. पहिला लिलाव, डिचोलीचा, व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला. तोवर शिव्या मात्र याचिका करणाऱ्यांनी खाल्ल्या.

“खनिज कंपनीच्या मालकीचं.” नाही. ते जनतेचं; सरकार विश्वस्त आणि कंपनी पट्टेदार.

“लोखंड काय विषारी असतं का?” प्रश्न लोखंडाचा नाहीच, मातीचा आहे. गोव्यात एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन माती उपसावी लागते. तिचे डोंगर पावसात वाहतात आणि लाल पाणी उतारावरून भातशेतात उतरतं. ते आटलं की वर बारीक गाळाचा टणक थर बसतो, त्यात रोपाचं मूळ नीट जात नाही. शिवाय खाण जलपातळीच्या खाली गेली की तळाशी साचणारं पाणी पंपाने सतत उपसावं लागतं. मग आजूबाजूच्या विहिरी का आटल्या, याचा शोध लावायला समिती कशाला हवी?

“हे सगळं गोव्याचं, आपलं काय?” असं सिंधुदुर्गात म्हणणाऱ्यांनी कळण्यात जाऊन यावं. जुलै २०२१मध्ये तिथल्या खाणीचा बांध फुटला आणि चिखलपाणी घरांत, बागायतींत शिरलं.