एका खोलीतल्या दोन कामगार

सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या घरात मी तासभर बसले होते. दहा बाय बाराची खोली. भिंतीला टेकून सासूबाई सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत होत्या. दारापाशी, उजेड मिळावा म्हणून, सुनेचं शिलाई मशीन. तिच्या पायाशी चौकड्यांच्या शर्टांचे कापलेले भाग, चिंधीनं बांधलेले गठ्ठे. बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळ्या. ती फक्त कॉलर बसवते. काज-बटण दुसऱ्या घरी, धागे कापून घडी घालायचं काम तिसऱ्या घरी. शाळेचा एक शर्ट असा तीन उंबरे ओलांडून कारखानदाराकडे परततो.

हे शहर गिरण्यांवर वाढलं. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी चादर-टॉवेलचं नाव राखलं. त्यांच्याच शेजारी रेडीमेडचा धंदा उभा राहिला आणि गणवेश ही त्याची खास ओळख झाली. हा धंदा घराघरांत पसरला, त्याचं कारण उघड आहे. कटिंगपुरती जागा आणि थोडी मशीनं असली की कारखाना सुरू करता येतो. बाकीची जागा, वीज, बऱ्याचदा मशीनसुद्धा बाईचं. सुई मोडली, बेल्ट तुटला, तर खर्च तिचाच. मजुरी मात्र नगावर. आणि हा मजुरीचा पैसा किराणा दुकानात, शिकवणीच्या फीत, भिशीत, मशीन दुरुस्तीवाल्याकडे जातो. या वस्तीतली कितीतरी दुकानं त्यावर चालतात.

सीझन शाळेच्या तारखांवर चालतो. जूनच्या तोंडावर रात्री उशिरापर्यंत मशीन चालू, नंतर गठ्ठे आटतात. २०२० मध्ये शाळाच बंद झाल्या, तेव्हा गणवेश शिवायचा कोणासाठी? खरेदी कोण करतो, यावरही गठ्ठा कुठे जाणार ते ठरतं. २०२४ मध्ये राज्य सरकारनं सरकारी शाळांचा गणवेश एकाच ठिकाणाहून द्यायचं ठरवलं, वाटप रखडलं, आणि डिसेंबरात निर्णय फिरवून ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं.

मला सलतो तो त्या खोलीतला फरक. सासूबाईंना १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा लागू होता, विडी घरी बसून वळली तरी. घरी काम करणारी बाई आमची कामगारच नाही, हा विडी कारखानदारांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये फेटाळला आणि तिचा भविष्य निर्वाह निधी मान्य केला. म्हणून सासूबाईंकडे विडी कामगाराचं कार्ड आहे, फंडाचं खातं आहे. सुनेकडे आहे एक शाळकरी वही. तारीख, नग, रक्कम. सगळं तिच्याच अक्षरात.

घरी बसून उत्पादन करणाऱ्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९९६ चा आहे; भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या बाईची व्याख्या तेवढी आली, पण तिला असंघटितांच्या योजनांवर सोपवलं गेलं. विडीच्या बाबतीत जे झालं ते शर्टाच्या बाबतीत न होण्याचं एकही सयुक्तिक कारण मला दिसत नाही.

पुढचं सगळं होईल तेव्हा होवो. आजपासून एवढं तरी व्हावं: प्रत्येक गठ्ठ्याबरोबर नगाचा दर लिहिलेली आणि कारखानदाराच्या सहीची चिठ्ठी तिच्या हातात पडावी.