बर्फातल्या डोंगरवाटा आणि डर्ट बाइक : परत कधी फिरायचं?

आजचा विषय आहे बर्फ असलेल्या डोंगरवाटांवर डर्ट बाइक चालवण्याचा. तुमच्यापैकी कोणी नुकतीच बाइक घेतली असेल, कोणाचा मुलगा किंवा मुलगी मित्रांबरोबर जायचं म्हणत असेल, आणि कोणी घरी बसून वाट बघणारं असेल. आजची माहिती तिघांच्याही उपयोगाची आहे.

उदाहरण कोलोराडोचं घेऊ. मे महिन्यात डेन्व्हरमध्ये आपण अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत असतो, त्यामुळे डोंगरातला हिवाळाही संपला असं वाटतं. पण दर १,००० मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. तुमची ट्रेल ११,००० फुटांवर गेली, तर तिथे शहरापेक्षा सुमारे ११ अंश कमी तापमान असणार. ऊरे आणि टेल्युराइडच्या मधला इमोजीन पास १३,११४ फुटांवर आहे. तो बर्फातून मोकळा व्हायला अनेकदा जूनअखेर किंवा जुलै उजाडतो.

आता यातली खरी मेख ऐका. डोंगराच्या दक्षिणेकडच्या उतारावर ऊन जास्त पडतं, म्हणून तिथला बर्फ आधी वितळतो. उत्तरेकडे, त्यातही झाडांच्या सावलीत, तो कित्येक आठवडे जास्त टिकतो. म्हणजे दक्षिणेकडून चढताना वाट कोरडी मिळते, मजा येते. माथा ओलांडला की पलीकडे गुडघाभर बर्फ असू शकतो. आणि उतार असल्यामुळे गाडी त्यातून खाली जातेही! बर्फातून उतरायला तुमचं वजन आणि गाडीचं वजन मदत करतं. परत चढायची वेळ आली की तेच वजन आडवं येतं.

त्यात वेळेचा हिशेब मिसळा. रात्री गोठलेल्या बर्फावर सकाळी कडक थर असतो, त्यावरून चाक तरून जातं. दुपारी ऊन लागलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो आणि चाक आत रुततं. सकाळी पाच मिनिटांत पार केलेला पट्टा दुपारी तासभर खाऊ शकतो.

गाडीचं म्हणाल, तर ट्रेलवरच्या डर्ट बाइकचं वजन साधारण १०० ते ११० किलो असतं, आपल्या बुलेटच्या जवळपास निम्मं. तरीही दहाव्यांदा बर्फातून उचलताना ती हलकी वाटत नाही. १०,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ३० टक्के कमी असतो. इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते आणि तुमचा दमही लवकर जातो. टायरमधली हवा थोडी कमी केली की पकड वाढते, पण त्यासाठी चाकाला रिम लॉक हवा. नाहीतर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो.

चालवताना पायांवर उभे राहा, वजन थोडं मागे ठेवा, म्हणजे पुढचं चाक खुपसत नाही. वरचा गिअर, एकसारखी रेस, आणि नजर लांब. पुढचा ब्रेक जवळपास विसरा. मागचं चाक जागेवरच फिरायला लागलं तर रेस सोडा. जास्त रेस दिली की चाक स्वतःचा खड्डा खणतं. गाडी आडवी करा, खड्डा बर्फाने बुजवून दाबा, आणि दोघांनी मिळून बाहेर ओढा. वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जात असेल तर बर्फावर दोन्ही चाकं दरीकडे घसरतात. तिथे उतरून, डोंगराच्या बाजूने चालत गाडी न्या. बर्फ टाळायला ट्रेल सोडून गवतावरून मात्र जाऊ नका. उंचावरच्या त्या हिरवळीवर पडलेले चर भरून यायला अनेक दशकं लागू शकतात. कुठली वाट कधी खुली आहे, हे फॉरेस्ट सर्व्हिसच्या मोफत नकाशात दिलेलं असतं.

शरीराकडे वळू. गाडी उचलताना घाम येतो, थांबलात की तोच घाम गारठतो. सुती बनियन आणि जीन्स इथे शत्रू समजा, कारण ओला कापूस ऊब देत नाही. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर घाला, हातमोज्यांचा कोरडा जोड सॅकमध्ये ठेवा. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. त्याआधीच्या खुणा जोडीदाराला दिसतात : हुडहुडी, हातातून वस्तू पडणं, बोलणं अडखळणं, उगाच चिडचिड. म्हणून एकट्याने जाऊ नका, तिघं असलात तर उत्तम.

आता निर्णयाबद्दल. एमबीएच्या वर्गात आम्हाला 'संक कॉस्ट' शिकवतात. जो खर्च होऊन गेला, तो पुढच्या निर्णयात धरायचा नसतो. डोंगरात नेमकं उलटं होतं. "एवढं आलोय तर पुढे जाऊच," असं चौघांपैकी एक म्हणतो आणि बाकीचे मान डोलावतात. दमलेल्या, गारठलेल्या माणसाकडून तिथे नीट विचार होत नाही. तेव्हा नियम घरीच ठरवा.

पहिला : परत फिरायची वेळ घड्याळात ठरवा. ती झाली की माथा समोर दिसत असला तरी गाडी वळवा. दुसरा : एक तृतीयांश पेट्रोल संपलं की मागे, कारण बर्फात गाडी जास्त पिते. तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा : बर्फाचा उतार दिसला की थोडंसंच उतरा, गाडी वळवा आणि तेवढंच वर चढून दाखवा. चढता आलं नाही, तर राइड तिथेच संपली. चौथा : सगळ्यात दमलेल्याचा शब्द अखेरचा.

आणि घरच्यांसाठी. निघताना कागदावर लिहून घ्या : गाडी कुठे लावणार, कोणती ट्रेल, सोबत कोण, आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर ९११ ला कळवायचं. डोंगरात मोबाइलची रेंज धरून चालू नका. सॅटेलाइट मेसेंजर किंवा आयफोन १४ व त्यापुढचे फोन सॅटेलाइटवरून मदत मागू शकतात, पण त्यांना मोकळं आकाश लागतं. कोलोराडोत शोधाची जबाबदारी काउंटीच्या शेरीफची असते. डोंगरात येणारी पथकं बहुतांशी स्वयंसेवकांची असतात आणि सुटकेचे पैसे घेत नाहीत. त्यामुळे "उगाच कशाला त्रास द्यायचा," असं म्हणून उशीर करू नका. उजेड असताना आलेला फोन त्यांनाही सोयीचा.

बर्फ वितळतो, ट्रेल पुढच्या महिन्यातही तिथेच असते. तेव्हा जा, जरूर जा, पण परतीचा चढ आधी चढून बघा. भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.