तीन फोन चालू, बाकीचे सॅकमध्ये

हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकआधी आमच्या क्लबच्या लीडर मंडळींची बैठक होते. गाडी किती सीटची, नाश्ता कुठे, दोर कोणाच्या सॅकमध्ये, हे विषय पटापट उरकतात. खरी जुंपते ती मोबाइलवरून. जुनी मंडळी म्हणतात, फोन घरीच ठेवायला सांगा, आम्ही काय फोन घेऊन गड चढलो का? तरुण लीडर म्हणतात, रात्री कोणाचा पाय मोडला तर काय करायचं? दोन्ही बाजूंना डोंगराचा अनुभव आहे, त्यामुळे कोणालाच गप्प करता येत नाही. या वादावादीतून आमचे नियम ठरत गेले. प्रत्येक नियमामागे एक किस्सा आहे.

बॅटरी कोण खातं?

संध्याकाळी गडावर पोहोचलो की हमखास कानावर येणारं वाक्य म्हणजे, "अरे, मी तर फोन वापरलाच नाही, तरी बॅटरी संपली!" याचं कारण साधं आहे. खोऱ्यात शिरल्यावर रेंज जाते आणि फोन टॉवर शोधत राहतो. टॉवर जितका लांब किंवा डोंगराआड, तितका फोनचा जोर वाढतो. खिशात पडल्या पडल्या तो रिकामा होतो.

म्हणून आता पायथ्यालाच फोन फ्लाइट मोडवर टाकून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या मध्यभागी जातात. तीनच फोन चालू राहतात: सर्वांत पुढच्या लीडरचा, मधल्याचा आणि शेवटून येणाऱ्याचा. शक्यतो तिघांची सिमकार्डं वेगवेगळ्या कंपन्यांची असतात. जीपीएसला रेंज लागत नाही, ते उपग्रहांकडून नुसतं ऐकतं. त्यामुळे नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर फ्लाइट मोडमध्येही आपण कुठे आहोत ते कळतं. हे सांगितलं की सर्वांत नाराज सदस्यही फोन पिशवीत टाकतो.

दोन बाण आणि ढोरवाट

खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे वर आलं की गडावरच्या देवळापर्यंत टेकड्यांमागून टेकड्या लागतात. पावसाळ्यात धुकं उतरलं की सगळ्या टेकड्या एकसारख्या दिसतात. अशाच एका धुक्यात आमच्यातले दोघे आपापल्या फोनवर उतरवलेले ट्रॅक घेऊन उभे राहिले. एकाचा बाण डावीकडे, दुसऱ्याचा सरळ. दोघेही ठाम. मागे उभी असलेली मंडळी भिजत होती आणि कोणाचं ऐकायचं यावरून दोन तट पडायला लागले होते.

बरोबर गावातले मामा होते. त्यांनी फोनकडे पाहिलंही नाही. डावीकडच्या वाटेवर दहा पावलं गेले, खाली वाकून शेण आणि खुरांच्या खुणा पाहिल्या आणि परत आले. "ही ढोरवाट आहे सर. चारा संपला की वाट पण संपती. माणसाची वाट पाण्याला धरून जाती." सरळ पुढे गेलो, ओढा लागला आणि मग दगडावर रंगवलेला बाण दिसला.

यात फोनचा दोष नव्हता. तो ट्रॅक कोणीतरी डिसेंबरात, कोरड्या ओढ्यातून, कदाचित स्वतः वाट चुकत असतानाच नोंदवलेला असतो. नळीच्या वाटेसारख्या अरुंद घळीत तर कातळावरून आपटून येणाऱ्या सिग्नलमुळे आपलं ठिकाण पडद्यावर उड्या मारतं. आणि कोकणकड्यासारख्या ठिकाणी सपाट नकाशावर कड्याच्या माथ्यावरचा माणूस आणि शेकडो फूट खाली, पायथ्याशी उभा असलेला माणूस जवळजवळ एकाच बिंदूवर येतात. म्हणून आमच्याकडे ट्रॅक पाहायची परवानगी आहे, पण वाटेचा शेवटचा शब्द मामांचा.

इंद्रवज्राभोवतीची गर्दी

कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा. सकाळी ऊन पाठीशी आणि समोरच्या दरीत धुकं असलं, तर कधीतरी धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती सप्तरंगी गोल वलय उमटतं. हे इंद्रवज्र. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी ते इथेच पाहिल्याची नोंद आहे.

लीडरच्या छातीत धडकी भरते ती याच क्षणी. "दिसलं!" अशी एक हाक आली की सगळे फोन उंचावतात, सगळ्यांचे डोळे पडद्यात जातात आणि पाय मात्र नकळत सरकत राहतात. म्हणून कड्यावर आमचा नियम कडक आहे. आधी पोटावर झोपून कडा बघायचा, आणि दहा मिनिटं फोन कोणीही काढायचा नाही. त्यानंतर फोटो, तोही मागे बसून आणि शेजारच्याने सॅकचा पट्टा धरलेला असताना.

एका मुलीने नंतर काढलेला फोटो आम्ही सगळ्यांनी निरखून पाहिला. धुकं अगदी जवळ आलं होतं. तिने हात उंच करून फोन धरला होता आणि फोटोत वलय उमटलं होतं ते तिच्या डोक्याभोवती नव्हे, तर उंचावलेल्या हाताभोवती. इंद्रवज्र पाहणाऱ्याच्या नजरेभोवतीच उमटतं, आणि इथे पाहत होतं ते भिंग. दहा मिनिटं आधी तेच वलय तिने स्वतःच्या डोक्याभोवती पाहिलं होतं. तो नियम नसता तर ते तिला दिसलंच नसतं.

"आता या फोनला कोणी हात लावू नका"

उतरताना एकाचा घोटा वाईट मुरगळला. पाय टेकवेना, अंधार पडत आलेला. बंद ठेवलेल्या फोनचं मोल त्या संध्याकाळी कळलं. आवाजाचा कॉल लागत नव्हता, पण उंचवट्यावर जाऊन टाकलेला साधा एसएमएस गेला. क्षीण रेंजमध्ये तो जायची शक्यता जास्त असते. त्यात पाचच गोष्टी होत्या: अक्षांश-रेखांश, गावातल्या लोकांच्या तोंडी असलेलं वाटेचं नाव, दुखापत काय, माणसं किती, बॅटरी किती.

निरोप गेल्यावर लीडरने पहिली आज्ञा सोडली ती हीच: आता या फोनला कोणी हात लावू नका. कारण बातमी फुटली की नातेवाइकांचे, मित्रांचे फोन सुरू होतात आणि गावातून वर येणाऱ्यांना लागेल तो नंबरच अडतो. पायथ्याची माणसं दोन बांबू आणि चादर घेऊन आली आणि डोलीतून त्याला खाली नेलं. मोठा अपघात असता तर महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरच्या स्वयंसेवकांना कळवावं लागलं असतं. तीही वेगवेगळ्या क्लबांतली, आपलं कामधाम सोडून धावणारी माणसं. आणि 112 हा आपत्कालीन नंबर विसरू नका. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो.

परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींना एक कळकळीची विनंती. तिकडे सर्रास मिळणारं सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर यंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. अशा यंत्रांपायी विमानतळावर परदेशी पर्यटकांना ताब्यात घेतलं गेलं आहे. ते घरीच ठेवून या.

घरचा माणूस

सदस्यांना कधीच न दिसणारा आमचा एक गडी पुण्यातच असतो. त्याच्याकडे सगळ्यांची नावं, रक्तगट, घरचे नंबर, आमची वाट, पायथ्याच्या घराचा नंबर आणि एक वेळ असते: रविवार, रात्री नऊ. तोपर्यंत निरोप आला नाही तर आधी गावात फोन, मग रेस्क्यूला. नऊच्या आत मात्र कोणाच्याही आईने फोन केला तरी तो शांतपणे सांगतो, "काकू, रेंज नाही म्हणून निरोप नाही. हे ठरलेलंच आहे."

माझ्या मते डोंगरात फोन न्यायचा की नाही, या वादाचं उत्तर इथे आहे. फोन लागत नसताना घरच्यांनी काय समजायचं, हे आधी ठरलेलं असलं की माणूस फोन निर्धास्तपणे बंद ठेवू शकतो. ते ठरलेलं नसेल तर भरलेली बॅटरीही कामाची नाही. तेव्हा पुढच्या ट्रेकआधी वाट, माणसं, परतीची वेळ आणि पायथ्याचा नंबर कागदावर लिहून घरी ठेवा. मग फोन फ्लाइट मोडवर टाका, पिशवीत बांधा आणि चालायला लागा.