मासे नव्हे, माणसे नेणारी होडी

13 जुलै 2023 रोजी दिल्लीच्या जुन्या लोखंडी पुलापाशी यमुना 208.66 मीटरवर गेली आणि 1978 चा 207.49 मीटरचा उच्चांक मोडला. मयूर विहार फेज एकच्या रस्त्याकडेला तंबू पडले; पुश्त्याच्या म्हणजे बांधाच्या आत, खादरात म्हणजे नदीच्या पूरपट्ट्यात राहणारे शेतकरी नि रोपवाटिकावाले गुराढोरांसह वर आले. सप्टेंबर 2025 मध्ये पुन्हा तेच. पाणी 207.48 मीटर.

याच पूरपट्ट्यात दिल्ली विकास प्राधिकरणाने ‘असिता’, ‘बांसेरा’ अशी उद्याने केली आहेत. नदीच्या पात्रालगत पक्के बांधकाम नको, हिरवळ हवी, हा विचार योग्यच. पुरानंतर तिथला गाळ सरकारी खर्चाने निघतो. पण फाटकाबाहेरच्या भेळवाल्याचे काय? वरच्या अंगाला, यमुना बाजारच्या घाटावरच्या नावाड्याचे काय? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत होडीला मदत आहे, ती मच्छीमाराच्या. मासे न धरता पर्यटक फिरवणारी होडी त्या रकान्यात बसत नाही.

चिपळूण बुडाले त्या 2021 च्या पुरानंतर महाराष्ट्राने दुकानदाराला कमाल 50 हजार आणि टपरीवाल्याला कमाल 10 हजार रुपये जाहीर केले. रक्कम तुटपुंजी, पण टपरी हा धंदा आहे हे सरकारी कागदावर आले, ते मला मोलाचे वाटते. खादरात जागेचाच कागद नसतो, तिथे नुकसानीचा कुठून येणार? विम्याचीही तीच गत. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’मध्ये पूर धरलेला आहे, पण भिजलेल्या मालाची भरपाई वेगळी आणि गिऱ्हाईक न फिरकलेल्या दिवसांची वेगळी. पर्यटनात मोठा तोटा या दुसऱ्या खात्यावर पडतो. न विकलेली खुर्ची उद्या विकता येते, रविवारची रिकामी फेरी नाही.

म्हणून मदतीला हंगामाची मुदत हवी. केरळने 2018 च्या महापुरात 11 ऑगस्टची नेहरू ट्रॉफी नौकाशर्यत रद्द न करता 10 नोव्हेंबरला घेतली. पर्यटकांना अलप्पुळा पुन्हा उघडल्याचा निरोप त्यातून आपोआप गेला. यमुनेवरच्या नावाड्यांचा हंगामही नोव्हेंबरातच सुरू होतो, परदेशी कुरव पक्षी येतात तेव्हा. पूर जुलै ते सप्टेंबरात येतो, म्हणजे होडीला डांबर लावायला, फळ्या बदलायला हाती दोन-तीन महिने असतात. घाटावर होड्यांची नोंद आधीच करून ठेवली, तर पंचनाम्याला ते पुरतील. पैसे फेब्रुवारीत आले, तर त्यातून आधी सावकाराचे व्याज फिटेल.