जुन्या पिकअपची गिअर ऑइल गळती : सील बदलण्यापूर्वी ब्रीदर पाहा

दिल्ली राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये मज्जाव केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायम ठेवला. परिणामी येथील अनेक जुन्या पिकअप ना-हरकत प्रमाणपत्रासह इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. अशी गाडी घेताना गिअरबॉक्सखालचा तेलाचा डाग अवश्य पाहावा. तेल संपत गेले, तर दातेचाके व बेअरिंग कोरडी घासून निकामी होतात.

पान पिवळे दिसताच फवारणी करणे जसे अयोग्य, तसेच डाग दिसताच सील बदलणेही. प्रथम द्रव ओळखावा. गिअर ऑइल दाट असते व त्यास गंधकासारखा उग्र वास येतो. डिझेल इंजिनाचे वापरलेले तेल काळे, तर क्लचचा द्रव पातळ असतो. तेल वाऱ्याने मागे पसरून सर्वांत खालच्या बोल्टवरून ठिबकते, म्हणून गिअरबॉक्स धुऊन कोरडा करावा, गाडी थोडी चालवावी आणि ओल प्रथम कोठे उमटते ते पाहावे. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये. भक्कम स्टँड लावावेत व चाकांना अडण द्यावी.

नवे सील बसवूनही गळती परतत असेल, तर गिअरबॉक्सच्या माथ्यावरील ब्रीदर, म्हणजे हवा जा-ये करण्याचे छिद्र, तपासावे. ते पूर्ण बुजले असता आतील हवा २७ अंशांवरून ८७ अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तर दाब सुमारे २० टक्के वाढतो आणि तेल सीलच्या कडेतून बाहेर ढकलले जाते. शेतरस्त्यांवर ब्रीदर बहुधा चिखलाने बुजतो. उभ्या गाडीत मात्र कुंभारीण माशीही संशयित धरावी (कीटकशास्त्रज्ञास हे सुचणारच!). या गटातील काही जाती अशा अरुंद पोकळ्या मातीने लिंपून आत अंडी घालतात. तारेने माती आत ढकलू नये. ब्रीदर काढून साफ करावा.

ब्रीदर मोकळा असूनही मागील सील गळत असेल, तर शाफ्टवर खाच पडली आहे का, बुश सैल आहे का, हे पाहावे. तसे असल्यास एकटे नवे सील टिकत नाही. शेवटी उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच तेल, सपाट जागी, भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत भरावे; जादा तेलही गळते.

काढलेले तेल वाळवीच्या वारुळात ओतण्याची प्रथा सोडावी. राणी खोलवर असते. तेल मात्र मातीत मुरते. ते झाकणबंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे.